सोलापूरच्या माळावर विजेच्या तारेशिवाय राहताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही दक्षिण सोलापूर तालुक्यात, मंद्रूपच्या पुढे, शेतातल्या घरात राहतो. मी, माझे पती, सासूबाई आणि मुलगी. इथे महावितरणचं कनेक्शन नाही, नळ नाही, गटार नाही. सहा वर्षं झाली. शहरातले ओळखीचे लोक फोन करून तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे. ज्याला खरंच असं राहायचं आहे त्याने सगळं वाचावं, विशेषतः पाण्याचा भाग.

"ऑफ-ग्रिड" म्हणजे नेमकं काय? वस्तीवर तर आमचे आजोबाही राहायचे.

बरोबर आहे, आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. शब्द नवा आहे, राहणं जुनं आहे. फरक एवढाच, की आजोबांच्या घरात फ्रिज, राउटर आणि मुलीचा ऑनलाइन क्लास नव्हता. आज ऑफ-ग्रिड म्हणजे वीज, पाणी, सांडपाणी आणि जळण यांची सोय आपण स्वतः करायची आणि ती बिघडली तर आपणच दुरुस्त करायची. तक्रार नोंदवायला कुठलं ऑफिस नसतं.

कनेक्शन का घेतलं नाही?

घर जवळच्या खांबापासून लांब आहे, मध्ये दोघांची रानं आहेत. खांब उभे करायचा खर्च आणि त्यांच्या संमत्या यांत दोन वर्षं गेली असती. शिवाय शेतीच्या फीडरवर थ्री फेज लाईट पाळीने येते, दिवसा आठ तास नाहीतर रात्री दहा तास. रात्री गच्चीवरून फताटेवाडीच्या १,३२० मेगावॅटच्या वीजप्रकल्पाचे दिवे दिसतात. सासूबाईंना पहिल्या वर्षी त्याचं फार वाईट वाटायचं. आता नाही वाटत.

सगळ्यात मोठी अडचण कोणती? वीज ना?

नाही. पाणी.

विजेची अडचण पैशाने सुटते. पॅनल वाढवा, बॅटरी वाढवा, झालं. पाणी पैसे टाकून मिळेलच असं नाही. सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेत आहे. वर्षाचा पाऊस सरासरी साधारण ५५० मिलिमीटर, आणि त्याचा मोठा वाटा सप्टेंबरात पडतो. जून-जुलैत एखादी सर येऊन मग तीन-तीन आठवडे कोरडे जातात. टँकर शेतापर्यंत येईल याचा भरवसा नाही, कारण पाऊस पडला की काळ्या रानातून टँकर निघत नाही आणि उन्हाळ्यात तो मागणी जास्त तिकडे जातो.

शहरातल्या लोकांना एक सांगते. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे पाणी साठवायची आणि पुरवून वापरायची सवय तुम्हाला आहेच. ती सवय पुण्या-मुंबईहून येणाऱ्याला नसते. इथे आलात तर ती फार कामाला येते.

पावसाच्या पाण्यावर भागतं का? इतक्या कमी पावसात?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण हिशोब केल्यावर बहुतेकांना आश्चर्य वाटतं.

१ चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी मिळतं. छत १०० चौरस मीटरचं, पाऊस ५०० मिलिमीटर, गळती-उडणं वजा जाता ८० टक्के हाती लागलं, तर वर्षाला ४०,००० लिटर. दुष्काळी वर्षात अर्धं धरा, तरी २०,०००.

आता खर्चाची बाजू. पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी ६-७ लिटर लागतं. चार माणसांचं दिवसाला २५ लिटर, म्हणजे वर्षाला नऊ हजारांच्या थोडं वर. दहा हजार लिटरची एक झाकलेली टाकी बांधली, की वर्षभराचं पिण्याचं पाणी छतावरून मिळतं. अंघोळ, धुणं, जनावरं यांना मात्र ते पुरत नाही, त्यासाठी विहीर किंवा बोअर लागतोच.

आम्ही पहिली दोन वर्षं हे केलं नाही, सगळं बोअरच्या पाण्यावर चालवलं. आमच्या बोअरचं पाणी जड आहे. तूरडाळ कुकरला पाच शिट्ट्या दिल्या तरी दाण्याचं पोट कडक राहायचं, चहावर तवंग यायचा, आणि पातेल्याच्या तळाला पांढरा थर इतका घट्ट बसायचा की चिंचेच्या कोळात रात्रभर भिजवावं लागायचं. टाकी भरल्यावर पहिल्यांदा पावसाच्या पाण्यात डाळ लावली, तेव्हा ती दोन शिट्ट्यांत लोण्यासारखी झाली. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या लहानपणी आडाच्या पाण्यात अशी शिजायची." त्या दिवसापासून पावसाच्या पाण्याचा विषय त्यांनी स्वतःकडे घेतला आहे. मृगाआधी छत त्याच झाडून घेतात.

पाळायच्या गोष्टी: पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी टाकीत घ्यायचं नाही, छतावरची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा त्यात असते. टाकीत उजेड जाता कामा नये, नाहीतर शेवाळ येतं. तोंडाला बारीक जाळी लावा, डास अंडी घालतात. पिण्याआधी उकळा किंवा मेडिक्लोर (पाणी शुद्ध करायचं क्लोरीनचं औषध) टाका.

बोअर मारावा का? किती फुटांवर पाणी लागतं?

आकडा कुणीही छातीठोक सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. खाली काळा पाषाण आहे. पाणी दगडाच्या भेगांत आणि मुरमाच्या थरात असतं, सलग कुठेच नसतं. शेजारच्या वस्तीवर २०० फुटांवर लागलं आणि आमचा पहिला बोअर ४५० फुटांवर कोरडा गेला. धुरळाच येत राहिला. नारळ फिरवणारे पाणाडे बोलवायची इकडे रीत आहे, आम्हीही घरच्यांच्या समाधानासाठी बोलावलं होतं. माझा सल्ला, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या लोकांना विचारा, आजूबाजूच्या दहा विहिरी-बोअरची मे महिन्यातली पातळी स्वतः वहीत लिहा, आणि मग ठरवा. जमीन विकत घेण्याआधी हे करा, नंतर नाही.

पाणी लागलं की तपासून घ्या. क्षार, नायट्रेट आणि फ्लोराइड हे तीन आकडे बघायचे. फ्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त १.५. नायट्रेट ४५ च्या आत हवं. नितळ दिसणाऱ्या पाण्यातही हे दोन्ही असू शकतात आणि उकळून ते जात नाहीत. आरओ मशीन बसवायच्या आधी विचार करा: एक लिटर शुद्ध पाण्यामागे ते दोन-तीन लिटर बाहेर टाकतं. टंचाईच्या घरात ते पाणी भांडी-फरशीला वापरायची सोय केली नसेल तर आरओ परवडत नाही.

बोअरची मोटर इन्व्हर्टरवर चालते का?

घरच्या इन्व्हर्टरवर चालवू नका. तीन एचपीची मोटर चालू होताना जो झटका घेते त्याने इन्व्हर्टर ट्रिप होतो, एखाद दिवशी जळतो. सोलर पंप वेगळा, त्याचे पॅनल वेगळे. तो दिवसा चालवायचा आणि उंचावरच्या टाकीत पाणी चढवून ठेवायचं. रात्री नळ सोडला की पाणी आपोआप येतं. वर चढवलेलं पाणी हीच एक बॅटरी समजा, आणि ती कधी खराब होत नाही.

घराला किती किलोवॅट सोलर लागतं?

आधी विजेचा खर्च मोजा, मग दुकानात जा. उलटं केलं तर दुकानदार ठरवतो.

आमच्या घराचा एका दिवसाचा हिशोब: तीन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे उन्हाळ्यात १४ तास, सव्वा युनिट. छोटा फ्रिज, १ युनिट. एलईडी दिवे पाव युनिट. लॅपटॉप, राउटर, मोबाईल मिळून पाऊण युनिट धरा. टीव्ही, मिक्सर, वरच्या टाकीची अर्ध्या एचपीची मोटर, सगळं मिळून अर्धं. एकूण पावणेचारच्या आसपास.

१ किलोवॅट पॅनल इथे स्वच्छ उन्हात दिवसाला ४ ते ५ युनिट देतं. म्हणजे एक किलोवॅट पुरेल असं वाटतं. पुरत नाही. आभाळ आलं की तेच पॅनल दीड-दोन युनिटवर येतं. म्हणून आम्ही २ किलोवॅट लावलं आणि ५ युनिट साठवणारी बॅटरी घेतली. आभाळ आलेले दोन दिवस त्यावर निघतात. तिसऱ्या दिवशी फ्रिज बंद ठेवतो आणि टीव्ही लावत नाही.

एक सोपी गोष्ट: जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी ३० च्या आसपास. चार पंखे बदलायचा खर्च हा पॅनल-बॅटरी वाढवायच्या खर्चापेक्षा नेहमीच कमी पडतो. आधी पंखे बदला.

लेड-ॲसिड बॅटरी घ्यावी की लिथियम?

परवडत असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेट. इथे मी थोडं जास्त लिहिते, कारण यात आमचे पैसे बुडाले आहेत.

पहिल्यांदा आम्ही चार ट्यूब्युलर, म्हणजे लेड-ॲसिडच्याच, बॅटऱ्या घेतल्या. १२ व्होल्ट १५० ॲम्पिअर-अवरची एक बॅटरी कागदावर १.८ युनिटची, पण लेड-ॲसिड निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे हाती येते ०.९. हे आम्हाला बसवणाऱ्याने सांगितलं नाही. त्याने बॅटऱ्या पत्र्याच्या बंद खोलीत ठेवल्या. मे महिन्यात त्या खोलीत दुपारी हात लावला तर बॅटरीचा डबा गरम लागायचा. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना लेड-ॲसिडचं आयुष्य अंदाजे निम्मं होतं, असं गणित आहे. आणि आम्ही नव्हतो तेव्हा कामावरच्या माणसाने पाणी कमी दिसलं म्हणून चांगल्या मनाने त्यात बोअरचं पाणी ओतलं. मी झाकण उघडून टॉर्च मारला तेव्हा प्लेटा पाण्याच्या वर आल्या होत्या आणि कडेला मिठासारखी पांढरी पूड धरली होती. अडीच वर्षांत चारही बॅटऱ्या गेल्या. नीट सांभाळल्या असत्या तर पाच वर्षं निघाल्या असत्या.

लेड-ॲसिड घेतलीत तर: खोली हवेशीर आणि उत्तरेकडची, डिस्टिल्ड वॉटरच, महिन्यातून एकदा पातळी, आणि जवळ विस्तव नको, कारण चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो. लिथियमला पाणी लागत नाही, ८०-९० टक्के वापरता येते, पण उष्णता तिलाही सोसत नाही. आमची आता घरातल्या जाड भिंतीच्या कोपऱ्यात, धान्याच्या खोलीशेजारी आहे.

सोलापूरचं ऊन कडक, म्हणजे उन्हाळ्यात सोलर जोरात चालत असेल?

पॅनलला उजेड लागतो, उष्णता लागत नाही. मे महिन्यात बाहेर ४३ अंश असताना पॅनल ६५ पर्यंत तापतं, आणि २५ च्या वर दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के वीज कमी होते. म्हणजे पंधरा टक्के तिथेच गेली. आमच्याकडे सगळ्यात चांगले महिने फेब्रुवारी-मार्च. म्हणून पॅनल पत्र्याला चिकटवून बसवू नका, खालून वारा खेळला पाहिजे. तोंड दक्षिणेला, तिरपेपणा १७-१८ अंश.

धुळीचं विसरू नका. आणि साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात ऊस तुटून गेला की पाचट पेटवतात. त्याची काळी, पिसासारखी राख दोन-तीन किलोमीटर उडून येते आणि पॅनलवर बसते. जानेवारी ते मार्च आम्ही आठवड्याला पुसतो. सूर्य उगवायच्या आधी, मऊ फडक्याने, पावसाच्या पाण्याने. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर काच तडकू शकते, आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग राहतात.

वादळ-वीज-गारा?

वळवाचा वारा आधी, पाऊस नंतर. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट इकडच्या कुणी विसरलेलं नाही. पॅनलची काच टणक असते, छोट्या गारा सोसते. धोका वाऱ्याचा जास्त. सांगाडा काँक्रीटच्या पायात घट्ट हवा. अर्थिंग, तडितरक्षक आणि एसपीडी (विजेचा अचानक झटका अडवणारं उपकरण) या तिन्हींना पैसे वाचवू नका. काळ्या रानात अर्थिंग उन्हाळ्यात कोरडं पडतं, खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावं लागतं. मोबाईलवर पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप ठेवा, वीज पडण्याची सूचना मिळते.

एसी चालेल का?

चालवता येतो, पण दीड टनाचा एसी रात्रभरात आमच्या दोन दिवसांची वीज खातो. कूलर कोरड्या हवेत उत्तम गार करतो, मात्र दुपारभर चालला की पन्नासेक लिटर पाणी सहज पितो. म्हणजे पुन्हा पाण्याशीच गाठ.

खरा उपाय घर बांधताना करायचा. आमच्या भागातली माळवदाची जुनी घरं आठवा: जाड मातीच्या-दगडाच्या भिंती, वर लाकडं, त्यावर पांढऱ्या मातीचा फूटभर थर. भर मे महिन्यात आत गेलं की डोळे निवतात. आता लाकूड परवडत नाही आणि दरवर्षी माती टाकायला माणसं मिळत नाहीत हेही खरं. आम्ही १८ इंची दगडी भिंती, पश्चिमेला एकही खिडकी नाही, स्लॅबवर चुन्याचे दोन हात, आणि पश्चिमेच्या अंगाला कडुनिंब असं केलं. नुसत्या पत्र्याच्या खोलीत उन्हाळा काढायचा विचार लहान मूल किंवा म्हातारं माणूस घरात असेल तर करूच नका.

सरकारी अनुदान मिळतं का?

पंतप्रधान सूर्यघर योजनेचं ७८,००० रुपयांपर्यंतचं अनुदान घरावरच्या, लाईनला जोडलेल्या सोलरला आहे. कनेक्शनच नसेल तर ते मिळत नाही. शेतीच्या पंपासाठी मात्र राज्याची "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजना आहे: सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५, त्यापुढे ७.५. सातबाऱ्यावर विहिरीची किंवा बोअरची नोंद आधी करून घ्या, तिथेच बरेच अर्ज अडतात.

स्वयंपाक कशावर?

गॅस सिलिंडर, गोबरगॅस आणि चूल, तिन्ही. एकावर अवलंबून राहू नका.

दोन घनमीटरच्या गोबरगॅसला रोज ५० किलो शेण आणि तितकंच पाणी लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं दावणीला हवीत. आमच्याकडे दोन म्हशी आणि एक गाय आहे, शेण कमी पडतं, म्हणून शेजारच्या तात्यांकडून दोन पाट्या आणतो आणि बदल्यात त्यांना स्लरी (गॅस निघून गेल्यावर उरलेला शेणकाला) देतो. थंडीत गॅस कमी निघतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळचा चहा झाला की ज्योत पिवळी पडते. तेव्हा चूल. तुराट्या लगेच पेटतात पण टिकत नाहीत, खाली गोवरी हवीच. चुलीला धुराडं बांधा. सासूबाईंचे डोळे आणि छाती यांनी त्याची किंमत आयुष्यभर मोजली आहे, तुमच्या घरातल्या बाईला ती मोजायला लावू नका.

फ्रिज बंद पडला तर खायचं काय?

या बाबतीत सोलापूरकर भाग्यवान. कडक भाकरी कोरड्या डब्यात महिनाभर टिकते. शेंगाचटणी टिकते. बाजरीची, ज्वारीची दोन्ही प्रकारची कडक भाकरी आम्ही ठेवतो, ताक किंवा गरम आमटीत चुरून खायची. मंगळवेढ्याची मालदांडी घरात असली की निम्मी काळजी मिटते. ज्वारी कडकडीत उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून कणगीत भरा.

संडासाचं काय?

दोन शोषखड्ड्यांचा. एक भरला की झाकायचा आणि दुसरा सुरू करायचा. दीड-दोन वर्षांनी पहिल्यातलं खत कोरडं, वास नसलेलं निघतं. काळजी दोन. विहीर किंवा बोअरपासून किमान ५० फूट लांब, आणि उताराच्या खालच्या अंगाला. दुसरं, काळ्या मातीत पाणी मुरत नाही, आणि ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, खड्ड्याचं बांधकाम तडकतं. खाली मुरूम लागेपर्यंत खणा.

साप फार असतील ना?

असतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही विषारी जाती या भागात आहेत. भीतीपेक्षा शिस्त उपयोगी पडते. जमिनीवर झोपायचं नाही. खाट, आणि मच्छरदाणी गादीखाली खोचलेली. मण्यार रात्री झोपेत चावते, दुखत नाही, खूणही धड दिसत नाही, पहाटे पोट दुखतं आणि पापण्या जड होतात. असं झालं तर वाट बघू नका. धान्याची खोली झोपायच्या खोलीपासून लांब, कारण दाण्यामागे उंदीर आणि उंदरामागे साप. सरपणाला हात घालायच्या आधी काठीने हलवा. अंधारात पाय टाकायच्या आधी टॉर्च.

चावला तर आवळून बांधू नका, चिरू नका, तोंडाने ओढू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. हातपाय न हलवता १०८ ला फोन किंवा मिळेल त्या गाडीने, प्रतिसर्पविष लस असलेल्या रुग्णालयात. तुमच्या सगळ्यात जवळ लस कुठे असते हे राहायला यायच्या आधी जाऊन विचारून या, आणि तो नंबर दाराच्या मागे मोठ्या अक्षरात लिहा.

विंचवाला हलकं समजू नका. लाल विंचू लहान मुलाच्या जिवावर बेततो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून दाखवलं आणि मृत्यू फार कमी झाले. घाम, थंड हातपाय, उलटी दिसली की घरगुती उपायात वेळ घालवायचा नाही. मुलीचे बूट आम्ही अजूनही रोज सकाळी झटकतो.

शेतात घर बांधायला परवानगी लागते का? जमीन कुणालाही घेता येते?

महाराष्ट्रात शेतजमीन शेतकरीच विकत घेऊ शकतो. शेतघराला जमीन महसूल संहितेत, १९६६ च्या, तरतूद आहे, पण अटी आहेत. तलाठी आणि ग्रामपंचायत दोन्हीकडे आधी विचारा.

याहून महत्त्वाचा रस्ता. नकाशावर रस्ता आहे का, की शेजाऱ्याच्या मेहेरबानीने चाललंय, ते बघा. बांधावरून रस्ता मिळवायला संहितेच्या कलम १४३ खाली, आणि अडवलेला रस्ता खुला करायला १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे जाता येतं. ते तारखांवर चालतं. तोपर्यंत आजारी माणूस बाहेर कसा काढणार? सप्टेंबरच्या पावसात आमच्या पाणंदीत मोटारसायकलच्या मडगार्डमध्ये चिखल भरून चाक फिरायचं थांबतं. शेवटचा अर्धा किलोमीटर चालतच यावं लागतं, चपला हातात घेऊन. आम्ही मुरूम टाकून घेतला, तीन वस्त्यांनी मिळून.

मोबाईलची रेंज?

गच्चीवर येते, खाली नाही. गच्चीवर सिमचा राउटर बसवला, काम भागतं.

मुलीच्या शाळेचं कसं करता?

जिल्हा परिषदेची शाळा अडीच किलोमीटरवर आहे. चौथीपर्यंत ती आजूबाजूच्या मुलांबरोबर चालत गेली, आता एसटीने मंद्रूपला जाते. एसटी चुकली की शाळा चुकते. हा आमचा सगळ्यात दुखरा प्रश्न आहे आणि त्याला सोलर-बोअरसारखं उत्तर नाही. मूल आठवीच्या पुढे असेल तर निर्णय घेताना त्याचं मत मोठ्या माणसाइतकं धरा.

चोरीची भीती?

मोटरची तांब्याची केबल सगळ्यात आधी जाते. जमिनीत पाइपातून न्या. पॅनलचे नटबोल्ट शेवटी वेल्ड करा. दोन कुत्री पाळा. आणि शेजाऱ्यांशी संबंध ठेवा, त्याला पर्याय नाही.

शेजारी शहरातून आलेल्यांना स्वीकारतात का?

सुरुवातीला बघत राहतात. इकडे निम्म्या घरांत कानडी बोलतात, मला येत नव्हती, आता कामापुरती येते. पहिल्या वर्षी आम्ही सगळं आपलं आपण करायला गेलो. बोअरची मोटर अडकली तेव्हा दोन दिवस आम्ही पाण्याविना होतो आणि कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी तात्या स्वतः आले, चाकाची पुली, साखळी आणि चार माणसं घेऊन. दुपारपर्यंत मोटर वर आली. जाताना म्हणाले, "ताई, घागर रिकामी झाली त्याच दिवशी सांगायचं असतंय." मळणीला, लग्नाला, कुणाच्या दहाव्याला जावं लागतं. आमच्या सोलरवर त्यांचे मोबाईल चार्ज होतात, पाऊस लागून राहिला की तीन वस्त्यांची औषधं आमच्या फ्रिजमध्ये असतात.

आम्ही एकदा बघायला येऊ का?

जरूर या. सगळे जानेवारीत हुरड्याला यायचं म्हणतात, सोलापूरच्या सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा पण त्याच सुमारास असते. तेव्हा हवा गार असते, विहिरीत पाणी असतं आणि सगळं सोपं वाटतं. तुम्ही मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात या आणि दोन रात्री राहा. दुपारी पंखा चालू असेल, पाणी मोजून मिळेल, रात्री वळवाचा वारा सुटला तर गच्चीवरून गाद्या खाली आणायला मदत करावी लागेल. पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या आणू नका. टाकीत गेल्या सप्टेंबरचं पाणी असतं, तेच प्या.